चिमणीचे पोट

सूनबाई,

टेबलाकडे पाहण्यापूर्वी ही चिठ्ठी वाचावी, अशी नम्र विनंती.

तू बाजारात गेल्यावर मी तुझ्या शुभेच्छापत्रांच्या सामानास न विचारता हात लावला. आज तुझ्या नवऱ्याचा वाढदिवस. त्याने माझे सुतारकाम सोडून केशकर्तनालय काढले, तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे, हे तू जाणतेसच. तोंडाने जमेना, म्हणून कागदावर प्रयत्न केला.

चिमणीचा आकार कापलेले स्टेन्सिल कार्डावर ठेवून तुझ्याप्रमाणेच स्पंजने रंग थोपटला. परंतु तू स्पंज आधी रद्दीवर टिपून घेतेस, ही बाब माझ्या ध्यानातून निसटली. रंग स्टेन्सिलखाली पसरला आणि चिमणीचे पोट अतोनात वाढले. ते झाकण्यास्तव वर फुलांचे ठसे उमटवले, तर तिने झगा घातल्यासारखे दिसू लागले.

तेवढ्यात चिरंजीव पाठीमागे येऊन उभे राहिले. बराच वेळ न्याहाळून म्हणाले, "बाबा, ही कोंबडी नटूनथटून कुणाच्या लग्नाला निघालीय?"

मी म्हणालो, "लग्नाला नाही, तुझ्या वाढदिवसाला आलीय. जेवूनच जाईन म्हणते."

त्यानंतर आम्ही उभयता इतके हसलो की रंगाची बाटली कलंडली. टेबलावरील निळे तळे त्यामुळेच झाले आहे. परतल्यावर मी स्वहस्ते पुसेन.

कार्ड तो दुकानातील आरशाशेजारी लावण्याकरिता नेत आहे आणि सोबत मलाही नेत आहे. जेवणास आमची वाट पाहू नये. आज मी प्रथमच त्याच्या खुर्चीत दाढीस बसणार आहे, आणि उठण्याची मला यत्किंचितही घाई नाही.

तुझे सासरे