जास्तीचा जोड

लोहा, मंगळवार

चिरंजीव विशाखास मावशीचा जय भीम. इकडं आम्ही बरे आहोत. तुझ्या काकांची कंबर धरली होती, ती सुटली. तुझी खुशाली विचारायला तोंड न्हाई, तरी विचारते. फोनवर मला खोटं बोलता येतं, कागदावर येत न्हाई, म्हणून लिहून राहिले. (चौथी शिकलेली हाय, चुका मोजत बसू नको.)

तू एवढ्या मायेनं लातूरला बोलावलंस, तुझं म्युझियम दाखवलंस. पहिल्या खोलीत चौकटीत नुसतं पांढरं कापड. मला वाटलं, चित्र काढणारा अजून यायचाय. दुसऱ्या खोलीत कोरड्या घागरी टांगलेल्या आन् आतून पाणी पडल्याचा आवाज. मी सवयीनं नळ शोधायला गेले. नळ न्हाई म्हणल्यावर मात्र घागरीखाली उभी राहून ऐकत राहिले. टँकरच्या वर्षी आम्ही असाच कान लावून बसायचो.

तिसऱ्या खोलीच्या दारात चपलांचा ढीग. मला वाटलं, आत विहारासारखं काही आसल. माझी चप्पल काढली, ढिगात सारली आन् हात जोडून आत गेले. आत नुसती भिंत. (ढीगच बघायचा होता, हे मला कोण सांगणार.) बाहेर आले तर तुझे साहेब माझ्याच चपलेकडं बोट करून पाहुण्यांना सांगून राहिले, ‘ही झिजलेली टाच बघा, अंगठ्याला तार बघा. या स्त्रीनं काय काय सोसलं असेल.’ एका बाईनं तर डोळे पुसले. अगं, सोसलं काही न्हाई. मोची जेवायला गेलता, म्हणून तार मीच आवळली. तू दिलेल्या नव्या चपला डब्यात ठेवून मी ह्या घालून आले, हे तुझ्यासमोर कोणत्या तोंडानं सांगू? तेवढ्यात राखणदारानं माझ्या पायाकडं बघून विचारलं, ‘मावशी, यातली तुमची हाय का?’ मी म्हणलं, ‘न्हाई, मी अनवाणीच चालते. डॉक्टरनं सांगितलंय.’ आन् तशीच तापलेल्या डांबरावरून बसस्टँडला गेले. चटके बसले तरी पाय हळू टाकला न्हाई, तू बघत आसशील म्हणून.

आता तुझी आई सांगती, मोजणीत एक जोड जास्त निघाला, ढीग मांडणाऱ्या बाई खवळल्यात आन् तुझ्याकडं लेखी जबाब मागितलाय. तुझी नोकरी अजून पक्की न्हाई. जबाबात सरळ माझं नाव लिही. वाटलं तर हे पत्रच जोडून दे.

तुझी मावशी,
सरजाबाई

ता. क. : चप्पल परत नको. ठेवायची आसल तर ठेवा, पण ते सोसल्याचं तेवढं सांगू नका म्हणावं साहेबांना.

आणखी ता. क. : मी अनवाणी निघाले आन् साहेबांनी ‘या कोण?’ विचारलं, तवा तू ‘गावाकडच्या ओळखीच्या’ म्हणलीस, ते मी ऐकलं. तू आधी माझ्या पायाकडं बघितलंस, तेबी दिसलं. मी चप्पल माझी न्हाई म्हणले, तू मावशी माझी न्हाई म्हणलीस, तवा मला रागवायचा हक न्हाई. पण जबाबात नुसतं सरजाबाई लिहू नको. नातं लिही.