अडखळणारा काटा

४ जून

ती. ताईस, धाकट्याचा सा. न. वि. वि.

आधी माझ्यावर झालेल्या अन्यायाची नोंद घे. तुझ्या लेकीनं, आपल्या खटपटीनं, सुट्टीत माझ्या दुकानाची घंटा खोलून परत बसवली. तेव्हापासून ती एकदा दाबली की दोनदा वाजते. दोन गिऱ्हाईकं आली म्हणून मी डोळ्यावरचं भिंग काढून, केस सारखे करून उठतो, तर दारात एकटे पेन्शनवाले काका आणि त्यांचं तेच बंद घड्याळ.

तू पाठवलेलं चकचकीत पत्रक वाचलं. प्रज्ञावंत बालकांचा शनिवारवर्ग! 'सुप्त' हा शब्द सात वेळा आलाय. पाच दिवस शाळा पोरीच्या डोक्याला इस्त्री करते, सहाव्या दिवशी हे घडी घालणार. घाल तिला, हौसेनं घाल. खटपटीला पापा.

लोभ आहेच, टोमणे कमी कर.
घड्याळजी

१९ जून

चि. भाऊस आशीर्वाद.

खूश हो, त्यांनी तिला घेतलं नाही. परीक्षेत दहा मिनिटांत ठोकळे जुळवायचे होते. टेबलावरच्या घड्याळाचा सेकंदकाटा घासतोय, म्हणून वेळ मागे पडतेय, असं हिनं बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, समोर बघ. हिनं काच काढली, नखानं काटा सरळ केला, घड्याळ नीट चालायला लागलं. ठोकळे तसेच राहिले. शेरा आला: एकाग्रतेचा अभाव.

दात काढू नकोस, पुढे वाच. त्या दिवसापासून तिचा स्क्रू-ड्रायव्हर कपाटात आहे. काल मिक्सर बंद पडला. बघतेस का विचारलं, तर मला लक्ष देता येत नाही म्हणाली. नऊ वर्षांची पोर!

बाईंना खुशाल नावं ठेव. पण तुझं लंबकाचं मोठं घड्याळ खोलू का, असं तिनं सुट्टीत तीनदा विचारलं, आणि तू तिन्ही वेळा 'पुढच्या वेळी' म्हणालास. चकचकीत पत्रक सोडलं तर तुझ्यात नि त्यांच्यात फरक काय?

माया शिल्लक आहे, पण थोडीच.
ताई

२२ जून

चि. खटपटीस मामाचे आशीर्वाद.

त्या वर्गाची सालं काढणारी दोन पानं लिहिली होती. छान जमली होती. फाडली. त्यांनी तुला एकदाच गप्प केलं, मी तीनदा.

पुढची वेळ आली आहे. मोठं घड्याळ भिंतीवरून उतरवून टेबलावर ठेवलंय, एकाही स्क्रूला हात लावलेला नाही. शेजारी तुझ्या उंचीचं स्टूल, भिंग आणि स्क्रू ठेवायला बशी. शनिवारी पहिल्या बसनं आईला घेऊन ये. घड्याळ पुन्हा चाललं नाही तरी पुढचा शनिवार तुझाच.

घंटा मी दुरुस्त केलेली नाही. एकदाच दाब. मी पहिल्या आवाजालाच उठेन.

मामा