काठीवरची खाच

३ फेब्रुवारी

पेरणी झाली एकदाची! भोपळा कुंपणाच्या कडेने, खरबूज नळाकडे. ह्यांची काठी तीच, चार हात लांब, मधोमध खाच. भोपळ्याला अख्खी काठी, खरबुजाला खाचेपर्यंत. एक इंच इकडचं तिकडे नाही. गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून ह्यांना वाकता येत नाही, म्हणून उभ्यानेच काठीने भोक पाडायचं आणि जुन्या पाइपातून बी खाली सोडायचं. आव असा, की तोफ डागतायत!

मी म्हटलं, "अहो, मी लावते ना खाली बसून."

"नको. तू दाटी करशील. वेलाला पाय पसरायला जागा लागते."

आमचं म्हणजे विळ्या-भोपळ्याचं सख्य. पण पाइप मात्र मीच धरला.

५ फेब्रुवारी

चिमीचा फोन. बावीसला येतेय. "आई, तुम्ही दोघं आता माझ्याकडेच या. घर बंद करून टाकू." लेक बोलते गोड, पण गोळी कडूच. घर बंद! आणि बाग कोण बघणार, तिचा वॉचमन?

मी म्हटलं, बाबा ठणठणीत आहेत. "बाबांचं नाही गं..." म्हणाली आणि अडखळली. मग म्हणे, त्यांना फोन दे. हे फोन घेऊन अंगणात गेले. दार लोटून घेतलं.

माझ्यापासून काय लपवतायत?

९ फेब्रुवारी

दुधाचं पातेलं जळून कोळसा. ठेवून विसरले असणार. मी बोलले नाही. तेही गुपचूप घासत बसले.

१४ फेब्रुवारी

रोपं वर आलीत. आळ्यांत तर आलीच, पण मधल्या मोकळ्या जागेतही! वीत-वीत अंतरावर, भोपळा आणि खरबूज एकमेकांच्या उरावर. जन्मभर काठीशिवाय बी न लावलेला माणूस! म्हणजे नंतर कधीतरी जाऊन पुन्हा लावलं, आणि विसरले.

विचारलं नाही. कसं विचारू? आधी दूध, आता हे. चिमीला बागेतलं सगळं कळतं, ह्यांच्याच हाताखाली शिकलीय. एका नजरेत ओळखेल की बाबांचं काहीतरी बिनसलंय. मग आमची पाठवणी तिच्या नवव्या मजल्यावर. मातीला पाय लागणार नाही तिथे.

नाही. मी होऊ देणार नाही.

१६ फेब्रुवारी

हे केस कापायला गेले तेवढ्यात उरकून घेतलं. नुसती उपटून टाकायची तर हात होईना, जिवंत रोपं ती. खुरप्याने एकेक उचलून नळामागच्या पट्टीत नेऊन लावली. काठी टाकून, खाच बघून. कंबरेचे टाके ढिले झाले.

हे आले. माझ्या नखांतली माती बघितली. "हात धू. चहा मी टाकतो." एवढंच. सुटले!

१७ फेब्रुवारी

सगळी माना टाकून पडलीत! भोपळा काय, खरबूज काय, मूळ हललं की वेल रुसतो. मला ठाऊक नव्हतं का? आळ्यांतली मूळची रोपंही दुखावली, खुरपं लागलं असणार. करायला गेले एक, झालं भलतंच.

हे पायरीवर बसून बघत राहिले. म्हणाले, "ऊन लागलं असेल." आणि झारी घेऊन एकेकाला पाणी घातलं. ऊन! आपण किती लावली होती तेही आठवत नाही माझ्या राजाला. स्वयंपाकघरात जाऊन रडले.

मी आहे ना. मी सांभाळीन. कुणाला कळू देणार नाही.

२० फेब्रुवारी

दाराची किल्ली बियांच्या डब्यात सापडली. कुठे काय ठेवतील, नेम नाही!

२२ फेब्रुवारी

चिमी आली. बॅगसुद्धा खाली ठेवली नाही, सरळ मागे गेली. सुकलेल्या रोपांसमोर उभी. तिने तोंड उघडायच्या आत मी बोलून टाकलं, "मीच लावली दाट. मीच हलवली. बाबांना एक शब्द बोलायचा नाही."

धडधडीत खोटं. पण काय करणार!

वाटलं, भांडेल. तर तिने मला मिठीच मारली. "हो गं आई. माहितीय." डोळे भरलेले. हे काठीवर हात ठेवून दुसरीकडे बघत होते.

जेवताना म्हणाली, ह्यांनीच तिला बोलावून घेतलं. बिचारे! स्वतःलाच धास्ती वाटत असणार. सोमवारी तिघांनी डॉक्टरांकडे जायचं ठरलंय. हे म्हणाले, "घर सोडायचं नाही. मी आहे की." मी मान डोलावली. माणसाला धीर द्यावा लागतो.

२३ फेब्रुवारी

उठले तेव्हा ऊन वर आलं होतं. नळामागे गेले. ओल्या मातीत ताजी भोकं. वीत-वीत अंतरावर. बोटाने पाडलेली. आत भोपळ्याच्या बिया.

ह्यांना वाकता येत नाही.

खाली बघितलं. माझ्या गाउनला दोन्ही गुडघ्यांवर ओली माती. भीती वाटली. फार.

"अहो," म्हटलं.

हे पायरीवरच होते. "राहू दे," म्हणाले. "येऊ देत दाट."