भोपळ्यांची रवानगी

तीर्थस्वरूप दाजी,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून तूर्त उभ्यानेच, उरलेला भेटीत घालीन.) तुमचा गुडघा काय म्हणतो? ताईची तब्येत ठणठणीत असणार, मागच्या खेपेला फोन हातभर लांब धरूनही तिचं सगळं बोलणं ऐकू आलं. आमची सौ. तुमच्याकडे सुखात आहे ना? "शहरातलं काही नको हा तुमचा हट्ट सुटला की येईन," असं बजावून ती शिवणाच्या दुकानापायी तिथे राहिली, त्याला वर्ष होत आलं. घर खायला उठतं, दाजी. पण मी ताईचाच भाऊ, असा सहजासहजी वाकतो होय?

आता इथली हकीगत. पंपाचं वॉशर गेलं. ते शहरातच मिळतं, म्हणून मी माझ्या चपलेचा तळ कापून घरचं, स्वावलंबी वॉशर बसवलं. बटण दाबलं मात्र, ते वॉशर जे उडालं ते शेजारच्या गवळीणकाकूंच्या वैरणीत जाऊन पडलं, आणि त्याच्या मागोमाग पाणी. सगळी वैरण भिजली. काकू एक शब्द बोलल्या नाहीत, त्यामुळे मी जास्तच घाबरलो. तेव्हापासून त्यांच्याच विहिरीवरून बादल्या वाहतो आहे (एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी). कंबर गेली ती त्यातच.

त्यात भोपळे. दाजी, भोपळा दिसतो तितका गरीब नाही. वेल छपरावर चढली आणि खाटेखाली, माळ्यावर, न्हाणीघरात, जिकडे बघावं तिकडे भोपळे. शहरात विकायचे नाहीत ही माझीच शपथ, आणि गावात ज्याच्या त्याच्या कुंपणावर स्वतःचे भोपळे लोंबताहेत. मी काखेत एखादा घेऊन निघालो की आळीतली दारं पटापट लागतात. मला आता सगळे भोपळेराव म्हणतात. शेवटी काकूंच्या म्हशीला घातले, तर चार दिवसांनी तिनेही तोंड फिरवलं. तेव्हा कुठे काकू बोलल्या. "भोपळेराव, माझं दूध शहरात जातं आणि तिकडून म्हशीला पेंड येते. तुमच्या शपथेवर कोण जगतंय?"

मला भयंकर राग आला. घरी येऊन भोपळ्यांत बसलो, आणि काय सांगू, एकटाच हसत सुटलो. तुम्हीही फार हसू नका. गॅलरीतल्या मिरच्यांमुळे आता खेड्याची गरज उरली नाही, अशी फुशारकी तुम्हीच मारली होती ना? ताईने त्या मिरच्यांचा फोटो पाठवला, त्यात मागे खताची पिशवी दिसते. पिशवीवर आमच्याच गावचा पत्ता आहे. (शेण बहुधा काकूंच्याच म्हशीचं.)

ताईला नमस्कार, मिरच्यांना आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक (सवडीप्रमाणे) मेहुणा

ता. क. : उद्या दुधाच्या टेम्पोतून भोपळे पाठवतो आहे. सौ.च्या दुकानात ठेवावेत. कपडे न्यायला येणाऱ्या बायका नेतील. टेम्पोवाल्याजवळ पंपाचं वॉशर द्यावं. दोन द्यावीत.

ता. ता. क. : वॉशर नाही मिळालं तरी चालेल. टेम्पो पेंड घेऊन परत येतो, ड्रायव्हरशेजारची जागा मी सौ.साठी सांगून ठेवली आहे. तिला म्हणावं, दुकान सोडू नकोस, शनिवारी ये, सोमवारी जा. पुढच्या शनिवारी भोपळ्यांबरोबर मीच तिकडे येईन. हट्ट सुटला, हे मात्र तुम्ही सांगू नका. ते मला सांगायचं आहे.