मी मच्छरदानी म्हणालो ते जॅकेट

प्रिय प्राजू,

काल सौरभसाठी जॅकेट घेतलं. मोटरसायकलवर घालायचं, उन्हाळ्याचं. हे तुला सांगितल्याशिवाय मला दुसरं काही सुचणार नाही, म्हणून सकाळीच वही घेऊन बसलो आहे.

तुझ्या या धाकट्या भावाला कुम्हारीला नोकरी लागली. आपल्या रिसालीहून तुझ्या कारखान्याचं रसमडा एका दिशेला आणि त्याचं कुम्हारी दुसऱ्या दिशेला, पण ऊन तर सगळीकडे एकच. बसची वेळ त्याच्या शिफ्टशी जुळत नाही. तो मोटरसायकलने जाणार म्हटल्यावर आई चार दिवस कोणाशी बोलली नाही. पाचव्या दिवशी मला म्हणाली, "जाऊ द्या त्याले. पण त्याचं काय घालायचं, काय नाही, ते तुमीच पाहा." तो टोमणा होता की भरवसा, मला अजून कळलेलं नाही. तुला लगेच कळलं असतं.

तुला जाऊन हा तिसरा उन्हाळा. इतक्या दिवसांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. काय लिहिणार होतो? जे लिहायला पाहिजे होतं ते मी घरात कोणाजवळही बोललो नव्हतो.

तू मेटलर्जीचा डिप्लोमा करून रसमड्याच्या फाउंड्रीत लागलीस, तेव्हा मी रिटायर होऊन वर्षही झालं नव्हतं. ओतलेले लोखंडी भाग तपासायचं तुझं काम. कारखान्याच्या शेडमध्ये तू एकटी मुलगी. आधी ऑटो, मग बस, मग पुन्हा ऑटो असं सहा महिने केलंस आणि एक दिवस सांगितलंस, "बाबा, मी मोटरसायकल घेऊन राहिली. स्कूटर नाही, मोटरसायकल." आई म्हणाली, लोक काय म्हणतील. मी म्हणालो, घे, पण माझी एक अट आहे. हेल्मेट आणि अंगात जाड जॅकेट. त्याशिवाय गाडी फाटकाबाहेर निघणार नाही.

तू हसून म्हणालीस, "मंजूर."

माझी सगळी नोकरी पोलाद कारखान्याच्या कोक ओव्हनमध्ये, कोळसा भाजणाऱ्या भट्ट्यांवर गेली. भट्टीचं दार उघडलं की समोर उभं राहायचं, अंगात जाड कोट, पायात लाकडी तळाचे बूट. त्या कोटाने मला अनेकदा वाचवलं. त्यामुळे जाड म्हणजे सुरक्षित, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. एक गोष्ट मात्र मी विसरलो. आम्ही दारासमोर मिनिट-दोन मिनिटं उभे राहायचो, मग मागे सरून कोट काढायचो, पंख्याखाली बसायचो, मीठ-पाणी प्यायचो. दुसरा गडी पुढे जायचा. मी तुला कोट सांगितला. मागे सरणं सांगितलं नाही.

रायपूरच्या दुकानात आपण दोघं गेलो तेव्हा संक्रांत नुकतीच झाली होती. सकाळची थंडी अंगावर होती, मेमधलं ऊन आठवणार तरी कसं? दुकानदाराने विचारलं, "गर्मी के लिए चाहिए कि ठंड के लिए?" मी म्हणालो, "मजबूत दिखाओ." त्याने दोन जॅकेटं काउंटरवर ठेवली. एक काळं, जाड, हातात धरलं तरी वजन कळणारं. दुसरं फिक्कं राखाडी, छाती-पाठीला जाळी, खांद्यांना आणि कोपरांना कडक पॅड.

"बाबा, मले हे जाळीचं पाहिजे," तू म्हणालीस.

मी जाळीत बोट घालून पाहिलं. "हे काय जॅकेट आहे? मच्छरदानी आहे. घसरत गेली तर चामडी राहील का?"

दुकानदार समजावत होता, "अंकल, यहाँ की गर्मी में लोग यही पहनते हैं. गिरने पर काम यही पैड करता है." मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तू मात्र माझ्याकडे पाहत होतीस, बराच वेळ. मग म्हणालीस, "ठीक आहे. काळं द्या."

का ऐकलंस, प्राजू? नोकरीसाठी माझ्याशी भांडलीस, गाडीसाठी आईशी भांडलीस, मग त्या काउंटरवर माझ्याशी दोन शब्द जास्त का नाही बोललीस?

मार्च निघाला तशी तू घरी यायचीस ती भिजून. आई तुझं जॅकेट मागच्या दोरीवर वाळत घालायची. वाळलं की त्यावर घामाच्या पांढऱ्या रेघा उमटायच्या. आई म्हणाली, "अहो, पोरगी शिजून राहिली त्याच्यात." मी म्हणालो, "आमी काय भट्टीपुढे हवा खात होतो?"

एप्रिलमध्ये एकदा मी तुला चौकात पाहिलं. जॅकेट मागच्या सीटवर बांधलेलं, तू नुसत्या कुर्त्यावर. मी रस्त्याच्या पलीकडे भाजीची पिशवी घेऊन उभा होतो. तुला हाक मारली नाही. घरी येऊन दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तू सकाळी माझ्यासमोर उभी राहून ते जॅकेट घातलंस, गळ्यापर्यंत चेन ओढलीस आणि म्हणालीस, "आता तरी चहा प्या माझ्या हातचा."

मी चहा प्यालो. मला वाटलं, मी जिंकलो.

त्या मे महिन्यात तुला दोन दिवस कणकण होती. आईला माहीत होतं, मला कोणी सांगितलं नव्हतं. माल तपासायला बाहेरचे लोक येणार होते म्हणून तू गेलीस. दुपारी दोनच्या सुमारास काम आटोपून निघालीस. शेडमध्ये सकाळपासून भट्टीची धग, वरून ते ऊन, अंगात ताप, आणि त्या सगळ्यावर ते काळं जॅकेट.

तू पडली नाहीस. हे लोकांना सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही. तुला गरगरायला लागलं असावं, म्हणून तू गाडी नीट कडेला घेतलीस, स्टँडवर लावलीस, किल्ली काढलीस, हेल्मेट काढून आरशाला अडकवलंस आणि कडुनिंबाखाली बसलीस. समोर उसाच्या रसाची गाडी लावणारी सुकवारो बाई आहे ना, तिने हे सगळं पाहिलं. मला ती नंतर म्हणाली, "नोनी ह खुदे गाड़ी ठाढ़ करिस, बाबू. मैं सोचेंव सुस्तावत हे." पोरीने स्वतःच गाडी उभी केली, म्हणून ती आराम करते आहे, असं तिला वाटलं. थोड्या वेळाने तू एका अंगावर कललीस तेव्हा ती धावली. तिने डोक्यावर पाणी ओतलं, ओरडून माणसं जमवली. जॅकेटची चेन तिच्याने उघडली नाही. हॉस्पिटलमध्ये ते कात्रीने कापलं.

डॉक्टरांनी बर्फ लावला, सलाइन लावलं, सगळं केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तू गेलीस. एकदाही डोळे उघडले नाहीस. मी डॉक्टरांना विचारलं, कशामुळे? ते म्हणाले, ताप, कारखान्यातली धग, ऊन, कपडे, सगळंच एकत्र आलं, एका कशाचं नाव घेता येणार नाही. त्या वाक्याच्या आड मी दोन वर्षं लपलो.

तुझं सामान परत मिळालं. गाडीवर ओरखडा नव्हता. जॅकेटवर कात्री सोडून एक ओरखडा नव्हता.

तेराव्यानंतर आईने मला एकदाच विचारलं, "जाळीचं असते म्हणे ना जॅकेट? ते कावून नाही घेतलं?" मी म्हणालो, "त्या दुकानात नव्हतं." तिने मान हलवली आणि कामाला लागली. इतकं सोपं गेलं मला खोटं बोलणं.

आता कालचं सांगतो.

सौरभ जॅकेट घ्यायलाच तयार नव्हता. "मी काहीच नाही घालणार. शर्टवर जाईन," म्हणे. मी त्याला कसंबसं रायपूरला नेलं. तुझ्या-माझ्या त्या दुकानात पाऊल टाकवेना, दुसरं शोधलं. तिथे काउंटरवर एक बाई होत्या, चाळिशीच्या, स्वतः गाडी चालवणाऱ्या. त्यांनी आधी विचारलं, कोणत्या वेळेला जाणार, किती लांब, रस्ता कसा. मग फिक्क्या रंगाचं जाळीचं जॅकेट काढलं आणि उजेडासमोर धरलं. आरपार दिसत होतं. त्यांनी सौरभला ते घालायला लावलं, हात हँडलवर धरल्यासारखे पुढे करायला सांगितलं आणि कोपरावरचं पॅड कोपरावरच बसतं की सरकतं, ते दाबून पाहिलं. ढिलं असलं तर पडताना पॅड सरकतं, म्हणाल्या. पाठीचं पॅड वेगळं घालायला सांगितलं. हातमोजे घेतले तेही हवेशीर, तळव्याला मात्र जाड.

त्या म्हणाल्या, इथल्या मे महिन्यात नुसती जाळी पुरत नाही, कारण हवाच गरम असते. आतली सुती बनियन ओली करून घालायची, गळ्याला ओला गमछा, आणि अंगात ताप असेल त्या दिवशी गाडी काढायचीच नाही. मध्ये सावलीला थांबायचं, तहान नसली तरी पाणी प्यायचं. डोकं जड झालं की उरलेला रस्ता विसरायचा, जॅकेट उघडायचं आणि माणसांत जाऊन बसायचं.

मी शाळेतल्या पोरासारखा ऐकत होतो. एकेक वाक्य तुझ्यासाठीच बोलल्यासारखं, आणि आता कोणत्याच कामाचं नाही.

सौरभ आरशात पाहत होता. आरशातूनच त्याने विचारलं, "बाबा, ताईले असं कावून नाही घेऊन दिलं?"

"तेव्हा मिळत नव्हतं," मी म्हणालो.

त्या बाईंना काय माहीत? त्या सहज बोलून गेल्या, "मिलता था अंकल. हम तो कब से बेच रहे हैं."

सौरभने जॅकेट काढलं, घडी करून काउंटरवर ठेवलं. मी पैसे मोजून दिले.

परतताना त्याने कुम्हारीला गाडी थांबवली, कारखान्याचं फाटक दाखवायला. फाटकासमोर चहाची टपरी आहे. तिथे बाकावर बसल्यावर मी त्याला सांगून टाकलं. दुकान, दोन जॅकेटं, मच्छरदानी, चौकातला दिवस, आईला सांगितलेलं खोटं. मान वर न करता सांगितलं. बोलून झाल्यावर तो उठून जाईल असं वाटलं. गेला असता तर मी त्याला अडवलं नसतं.

तो म्हणाला, "मले माहीत आहे, बाबा."

"काय माहीत आहे?"

"ज्या दिवशी घेतलं ना, त्याच दिवशी ताईनं सांगितलं होतं. मी तिले म्हटलं, तू झगडली कावून नाही? तर म्हणे, बाबा डरतेत रे माझ्यासाठी. जाड घेतल्यानं त्याइले झोप लागत असन तर लागू दे. आईले नको सांगू, आई बाबाले बोलत राहीन."

मी विचारलं, "तू इतके दिवस गप्प राहिला?"

"मले वाटलं तुमी सांगान." मग ग्लास खाली ठेवत म्हणाला, "मले राग होता तुमचा. अजून आहे. पण ताईले नव्हता."

प्राजू, तुझ्या जाण्याच्या दिवशी मी रडलो नव्हतो. काल त्या बाकावर रडलो. शिफ्ट सुटली होती, लोक बघत जात होते. सौरभने माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, पण उठूनही गेला नाही. मला तेवढंही पुष्कळ होतं.

संध्याकाळी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. माझं सगळं ऐकेपर्यंत तिचा हात थांबला नाही. मग ताट बाजूला ठेवून म्हणाली, "ताप होता ते मी तुमाले नाही सांगितलं. तुमी गाडी बंद केली असती म्हणून तिनं मना केलं होतं." दोन वर्षं ती त्या खोलीत, मी या खोलीत, एकेक गोष्ट धरून बसलो होतो. आणि त्या दोघांना गोष्टी लपवायला लावणारी तू एकटीच. रागावू का तुझ्यावर? थोडा रागावतो. तू सगळ्यांना सांभाळलंस आणि स्वतःचं कोणाला सांगितलं नाहीस.

आज सकाळी आईने सौरभचं जॅकेट हातात घेतलं. बाहीत हात घालून पंख्याखाली धरला. "हवा लागते," म्हणाली. मग पदर डोळ्यांना लावून भाजी आणायला निघून गेली.

सोमवारी सौरभचा पहिला दिवस. तो माझं सगळं ऐकणार नाही, हे दिसतंच आहे. न ऐकू दे. मी अबोला धरणार नाही, अट घालणार नाही.

आणि तुला एक शब्द देतो. या घरात कोणी मला म्हणालं की गरम होऊन राहिलं, तर मी माझ्या भट्टीच्या गोष्टी सांगत बसणार नाही. आधी उठून पाणी आणीन, आणि मग शेजारी बसून विचारीन, कुठे गरम होते बेटा, कधीपासून होते, सांग मले.

तुझा,
बाबा