अळणी डबा बंद करू नये

मी, एलिसा फर्डिनंड तुस्कानो, वय एकोणऐंशी, विधवा, राहणार सांडोर, तालुका वसई, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाविना, स्वखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. पहाटे पेजेच्या वाफेत मला गेलेली माणसं रिकामे डबे घेऊन केळीच्या वाडीतून येताना दिसतात, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. त्याचा या कागदाशी संबंधही नाही.

१. घर व मागची वाडी माझा मुलगा केनी याला. तो माणिकपूरला एकटा राहतो आणि बरेचदा बिस्किटं खाऊन झोपतो. मला माहीत नाही असं त्याला वाटतं.

२. पितळी परात नणंद क्रिस्टिना हिला. माझी पेज पाण्यासारखी असते असं ती चर्चच्या अंगणात चारचौघींत म्हणाली होती. तिला मी माफ केलं आहे. परात जड आहे, चिंचेनेच घासावी.

३. स्वयंपाकघराचं मात्र वेगळं आहे. बावीस वर्षं इथून आजारी आणि म्हाताऱ्या माणसांना दुपारचा डबा जातो. निळा दोरा अळणी जेवणाला, पिवळा बिनसाखरेच्याला, लाल मऊ वाटलेल्याला. परत आलेला प्रत्येक डबा मी स्वतः उघडते. काय उरलंय त्यावरून माणूस कसा आहे ते कळतं. घर केनीचं झालं तरी ही खोली डब्यासाठीच राहील आणि किल्ली पाचूबंदरच्या ॲंजेलाकडे राहील.

केनी, इथे तू कपाळाला आठ्या घालशील, म्हणून नीट लिहिते. रुग्ण वारला की डबा त्याच दिवशी बंद, हा नियम तू केलास, कारण डब्याची वाट पाहणारे पुष्कळ असतात. मीही मान डोलावली. ॲंजेलाच्या नवऱ्याला, जेम्सला, निळ्या दोऱ्याचा डबा जायचा. त्याला मूत्रपिंडाचा आजार होता. डबे पोचवणारा रिक्षावाला फेबियन दारात विचारायचा, "जेम्स बरा हाय?" ती म्हणायची, "हाय."

मग डबा अगदी चाटूनपुसून यायला लागला. मूत्रपिंडाचा रोगी असा जेवत नाही. मी स्वतः पाचूबंदरला गेले. जेम्सला जाऊन सात आठवडे झाले होते, त्याला त्याच्या गावी, अर्नाळ्याला पुरलं होतं. धडधाकट बाई अळणी दुधी खात बसली होती. मी तिला दारातच फैलावर घेतलं.

ती म्हणाली, "बाई, जेवनासाठी नाय. डबा बंद झाला तर माझं दार कोन वाजवनार?"

तरी मी डबा बंद केला. त्या आठवड्यात रोज पहाटे वाफेतून जेम्स यायचा आणि चुलीपाशी उभा राहायचा. आठव्या दिवशी ॲंजेला धुतलेला डबा घेऊन आली, न विचारता भाजी चिरायला विळीवर बसली, आणि सहा वर्षं झाली, अजून येते आहे. तू तिला खोटारडी म्हणतोस. खोटं ती बोलली, पण चूक माझी होती. त्या आठ दिवसांची मला आजही लाज वाटते.

४. तो नियम मी रद्द करते. माणूस गेल्यावर मागे कुणी एकटं उरलं असेल, तर त्याला हवा तोवर डबा जाईल. कोण खातं ते विचारू नये. केनीला हे मान्य नसेल तर त्याने कोर्टात जावं. वकील म्हणतात, तो जिंकेलही.

५. म्हणून हे शेवटचं. माझी माती झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून माझ्या नावाचा डबा माणिकपूरला केनीच्या घरी जावा. ॲंजेला स्वतः नेईल. केनी, बाळा, तेव्हा तुझ्या घरात फार शांत असेल. दार वाजलं की उघड. मग स्वयंपाकघराचं काय करायचं ते तू ठरव.

ठिकाण : सांडोर
दिनांक : ९ डिसेंबर २०२४
सही : एलिसा फ. तुस्कानो

एलिसाबाईंनी हा मजकूर आम्हाला मोठ्याने वाचून दाखवला, मध्ये एकदा थांबून त्या पाणी प्यायल्या, आणि आमच्या देखत सही केली.

साक्षीदार :
१. ऑस्कर लोपीस, निवृत्त शिक्षक, निर्मळ
२. अल्पेश म्हात्रे, औषध दुकानदार, सांडोर