आठ-बाराची बस

सोमवार, ३ मार्च

आज पुन्हा धावलो. आगगाडी फलाटाला लागते आठ-दहाला. बस खालच्या थांब्यावरून सुटते आठ-बाराला. मध्ये पूल — चढा, ओलांडा, उतरा. हे वेळापत्रक ज्याने आखलं त्याने तो पूल फक्त कागदावर पाहिला असणार.

पण छापलेल्यावर विसंबणारा मी नव्हे. बस आठ-बाराला सुटतच नाही! सुटते आठ-चौदाला. रोज. हे मी माझं मी शोधून काढलं. वर्गातली पोरं मोबाइलमध्ये बघतात, गेली म्हणतात आणि अर्ध्या तासाने पुढच्या बसने जांभया देत येतात. कोणी डोळे उघडून थांब्यावर उभं राहायला तयार नाही.

गुडघा मात्र ठणकतोय.

बुधवार, ५ मार्च

बसचा चालक आळशी आहे. जाडजूड, मान खांद्यात गेलेला. मी धापा टाकत चढतो तेव्हा हा बाहेरचा आरसा पुसत असतो. तोच आरसा, तेच फडकं. मग सावकाश हात आत घेणार, फडकं घडी करून ठेवणार आणि मग गाडी हलणार. आपल्याकडे लोकांनी पाठीमागून शब्दांचा मारा केला असता. इथे सगळे गप्प बसतात. मला सोयीचं आहे म्हणून मीही गप्प.

आज तपासनीस आला. पासवर लिहिलंय 'विद्यार्थी' आणि फोटोत टक्कल! त्याने फोटो पाहिला, मला पाहिलं, परत फोटो पाहिला. मुलाचा पास का, म्हणाला. मी म्हटलं, मुलगा नोकरी करतो, बाप शिकतो. हसला नाही. माझी इथली भाषा पुस्तकातून शिकलेली आहे, मान्य. पण चूक काढून दाखवावी कोणी.

शुक्रवार, ७ मार्च

घरी फोन. दुकान ही एकटीच सांभाळते आहे. मेहुणा तिला म्हणाला म्हणे, दाजींना या वयात पाटी-पेन्सिल सुचली, आता डबा कोण देतं? ही हसत सांगत होती. मी हसलो नाही.

नववीनंतर शाळा सुटली. वजनकाटे मला कोणी शिकवले नाहीत. उघडले, बिघडवले, पुन्हा जोडले. आता बाजारात नवे काटे आलेत आणि ते बनवणारी इथली कंपनी म्हणते, आमच्या संस्थेतून उत्तीर्ण होऊन ये, मेअखेर कागद दाखव, तुझ्या जिल्ह्यातली सगळी दुरुस्ती तुझी. नाहीतर दुसऱ्याची. म्हणून या वयात ही वणवण — दिवसा वर्ग, संध्याकाळी गोदामात खोकी भरणं, आणि स्वस्त खोली शहराच्या पार टोकाला.

मंगळवार, ११ मार्च

बसमध्ये डोळा लागला. संस्थेच्या थांब्यावर चालकाने हॉर्न वाजवून उठवलं. सगळी बस माझ्याकडे बघत होती. नसती उठाठेव!

शुक्रवार, १४ मार्च

सोमवारी प्रात्यक्षिक परीक्षा. नऊला दार बंद, मग कोणालाही आत घेत नाहीत. चुकली तर पुढची सहा महिन्यांनी. म्हणजे मे गेला, जिल्हा गेला.

बाई — आमच्या शिक्षिका, माझ्या थोरल्या पुतणीएवढ्या — मला बाजूला घेऊन म्हणाल्या, त्या दिवशी तरी आधीच्या गाडीने या. आधीची गाडी पावणेसहाची. रविवारी गोदामातून यायलाच उशीर होतो. मी म्हटलं, बाई, बस आठ-चौदाची आहे, पावणेनऊला मी दारात. त्या म्हणाल्या, आठ-बाराची ना? मी म्हटलं, ती कागदावर.

सोमवार, १७ मार्च

पुलावरून बसची पाठ दिसली.

ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही, आपल्या भाषेत ओरडलो. वळणावर चालक दिसला, दुसराच होता — शिडशिडीत, काळा चष्मा. खाली पोचलो तेव्हा आठ-तेरा. माझ्या हिशेबाने अजून एक मिनिट शिल्लक होतं!

पुढच्या बसने गेलो. दार बंद. काचेतून सगळे दिसत होते, आपापल्या काट्यावर वाकलेले. माझं टेबल दुसऱ्या रांगेत, त्यावर माझा काटा झाकून ठेवलेला. बोट लावलं असतं तर कुठे अडलंय ते सांगितलं असतं.

बाई बाहेर आल्या. चिडल्या नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाल्या, बस चुकीच्या वेळी सुटली असेल तर वाहतूक कार्यालयाचं तसं पत्र आणा. तरच मला काही करता येईल.

मंगळवार, १८ मार्च

वाहतूक कार्यालय. खिडकीत एक तरुण कारकून बाई. मी सगळं मुद्देसूद सांगितलं. ती म्हणाली, बस आठ-बाराचीच आहे. मी म्हटलं, ते तुमच्या फलकावर. प्रत्यक्षात सात महिने ती आठ-चौदाला सुटते आहे, आणि काल तुमच्या नव्या माणसाने दोन मिनिटं आधी काढली.

कशावरून?

मी मनगट पुढे केलं. हे घड्याळ सेकंदाने चुकत नाही, म्हटलं.

तिने पेन उचललं. रोज दोन मिनिटं? रोज, मी म्हटलं. तोच नेहमीचा चालक? तोच. तिने ते वाचून दाखवलं, मी दोन शब्द सुधारून दिले आणि सही केली. बाहेर पडताना बऱ्याच दिवसांनी पाठ ताठ झाल्यासारखी वाटली.

बुधवार, १९ मार्च

नवा चालक ठोक्याला बस काढतो, तेव्हा पावणेसहाच्या गाडीने गेलो. थांब्यावर तासभर बसून. डोळे चुरचुरत होते. पिवळ्या टोपीची म्हातारी आली — चालकाच्या मागच्या सीटवर बसणारी, तिच्याशी मी कधी बोललो नव्हतो.

"आज लवकर, प्राध्यापक?"

मी म्हटलं, मी प्राध्यापक नाही. मग कोण? विद्यार्थी. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. म्हणाली, आम्ही आपलं सात महिने प्राध्यापक समजतोय! तुमचा दोस्त ऐकेल तेव्हा काय म्हणेल?

कोण दोस्त?

मग तिने सांगितलं. जाड्या चालक वेळ झाली की पुलाकडे नजर लावून बसायचा. मी वर दिसलो की फडकं काढायचा. बसमधले म्हणायचे, आला रे तुझा प्राध्यापक, आता पूस आरसा. मी चढलो की फडकं आत.

"तो उशीर करत नव्हता हो. तुमच्यासाठी थांबत होता."

सध्या मुलीच्या बाळंतपणासाठी रजेवर आहे. सोमवारी येईल, म्हणाली.

बस आली. मी तिच्या शेजारी बसलो नाही. मागे जाऊन बसलो.

गुरुवार, २० मार्च

तक्रार मी नव्या चालकाविरुद्ध केली आहे. जुन्याचा त्यात काय संबंध. असं दिवसभर स्वतःला सांगतो आहे. वर्गात काही डोक्यात शिरलं नाही.

शुक्रवार, २१ मार्च

पत्र मिळालं. जसं हवं होतं तसं. म्हणजे — बस सोमवारी बरोबर वेळेवर सुटली, परंतु नेहमीचा चालक सतत उशिरा गाडी काढत असल्यामुळे प्रवाशाची दिशाभूल झाली, दोष सेवेचा, प्रवाशाला परीक्षेची संधी मिळावी ही विनंती. चालक रजेवरून येताच त्याच्यावर कारवाई.

कारकून बाई खूश होती. इतकी नेमकी तक्रार क्वचित येते, म्हणाली. आधीच्याही दोन आहेत त्याच्या नावावर, पण त्या मोघम होत्या, टिकल्या नाहीत. ही टिकेल.

बाईंना फोन केला. म्हणाल्या, सोमवारी पत्र आणून द्या, गुरुवारी परीक्षा घेते.

शनिवार, २२ मार्च

हिचा फोन. दुकानाची पाटी नव्याने रंगवायला टाकली म्हणे, खाली 'अधिकृत' लिहायला जागा सोडून. मेहुण्यानेच रंगारी शोधला! परीक्षा कशी झाली, तिने विचारलं. मी म्हटलं, गुरुवारी आहे.

तू बोलत का नाहीस, थकलास का? हो, म्हटलं, थकलो.

रविवार, २३ मार्च

गोदाम. बाकी काही नाही.

सोमवार, २४ मार्च

वाहतूक कार्यालय उघडायच्या आधी दारात होतो. पत्र परत केलं, तक्रार मागे घेतली. कारण लिहावं लागतं, ती म्हणाली. मग सांगितलं — माझ्या घड्याळाचा भरवसा नाही. कधी पुढे धावतं, कधी मागे पडतं. तिने मनगटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, लिहा तसंच.

खाली सही केली.